एक टन गारवा

तर झालं असं, की २५ मे २०२४ ला, शनिवारी, दुपारी पाऊण वाजता मी केळझरला सिद्धिविनायकाच्या टेकडीखाली एका सेकंडहँड ईको गाडीत बनियनवर बसलो होतो आणि समोरच्या पोर्टेबल एसीला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. बाहेर सावलीत ४३.८. आत, एसी फुल्ल चालू असताना, ४१. म्हणजे जवळपास चाळीस हजारांच्या यंत्राने मला जेमतेम तीन अंशांचा गारवा दिला होता. तोही पाऊण तासाने.

नवतप्याचा पहिला दिवस मी मुद्दाम निवडला होता. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. साधारण २५ मे पासून. आमच्याकडे या दिवसांत लग्नाचं आमंत्रण आलं तरी माणूस आधी मुहूर्ताची वेळ बघतो. याच आठवड्यात आमच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाला सावली नसते. आता यात टेस्टिंग कोण करतं? ज्याने काही वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत तो करतो. 'वर्स्ट केस' मध्ये पास झालं तर सगळीकडे पास, हा आमचा धर्म.

पण ही गाडी कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

माझे बाबा ट्रक ड्रायव्हर होते. सत्तावीस वर्षं. कापसाच्या गाठी, संत्री, सिमेंट, सळया, जे मिळेल ते. घर वर्ध्यात, पण बाबा राहायचे ट्रकमध्ये, घरी यायचे पाहुण्यासारखे. लहानपणी मला वाटायचं केबिन हेच त्यांचं घर आहे आणि आमच्याकडे ते सुट्टीला येतात. सीटच्या मागे झोपायची फळी, त्यावर आईने शिवलेली गोधडी, वर गणपती, आणि पुढे बंपरला टांगलेली छागल. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापड सतत थोडं झिरपतं, गाडी चालू असली की वारा लागतो, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. विजेशिवाय चालणारा फ्रिज. आता ती कुठे दिसत नाही, प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी तिला खाल्लं.

मे २०१३. मी दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. बाबा माल घेऊन एका कारखान्याच्या गेटबाहेर उभे होते. दोन दिवस. नंबर लागत नव्हता. गाडी सोडून जाता येत नाही, माल ड्रायव्हरच्या जबाबदारीवर असतो. झाड नाही, शेड नाही, आत घेत नाहीत. त्याच आठवड्यात, २३ मे २०१३ ला, नागपूरला ४७.९ अंश नोंदले गेले, तिथला आजवरचा उच्चांक. (२०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते आणि देशभर बोंब झाली होती, पण तो सेन्सरचा बिघाड निघाला.) दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा फळीवर झोपले ते उठेनात. अंग तापलेलं, घाम बंद, काहीतरी असंबद्ध बोलत होते. क्लीनर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याने त्यांना खाली ओढलं, ट्रकच्या सावलीत टाकलं, कॅनमधलं सगळं पाणी अंगावर ओतलं, चादर ओली करून गुंडाळली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसला, कोणीतरी टेम्पो आणेपर्यंत. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पाऊण तासाने वाचवलं. उष्माघातात आधी अंग गार करायचं, बाकी सगळं नंतर.

बाबा वाचले. पण मेंदूच्या ज्या भागाकडे तोल सांभाळण्याचं काम असतं, त्याला अशा तापात इजा होऊ शकते. चालताना ते अजून भिंतीला हात लावतात, काही शब्द अडखळतात, आणि ऊन सहन होत नाही. स्टेअरिंग त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. पुढचं माझं इंजिनिअरिंग शैक्षणिक कर्जावर आणि आईच्या शिलाई मशीनवर झालं. असो.

तर बाबांची एक इच्छा होती. ज्या रस्त्यांवरून आयुष्य गेलं ते आईला दाखवायचे. "तुही आई नागपूरच्या पुढे गेलीच कुठं?" हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलंय. त्यांचा कोणता ढाबा, कोणता घाट, कुठे अस्वल आडवं आलं होतं, सगळं दाखवायचं. मग मी ईको घेतली, मागच्या सीट काढल्या, प्लायचा पलंग बसवला, खाली पाण्याची टाकी, आणि हप्त्यावर घेतलेली दोन किलोवॅट-तासांची बॅटरी. यूट्यूबवर परदेशातले लोक गाडीत राहतात ते व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं. प्रश्न एकच होता, ऊन. बाबांना दुपारी ३५ च्या वर ठेवायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून एसी. आणि म्हणून ट्रायल, घरापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर, म्हणजे काही बिनसलं तर अर्ध्या-पाऊण तासात घरी. माझा प्लॅन असा की सकाळपासून मी एकटा आत बसून रीडिंग घेणार, ३५ च्या खाली स्थिर झालं तरच बाबा आत. तोवर आई-बाबा देवळाच्या सभामंडपात.

आता गंमत बघा. मी गणित करून गेलो होतो. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. हा 'टन' कुठून आला माहितीये? बर्फातून. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो दर म्हणजे एक टन. आणि गाडीत गारवा करायची आपल्याकडची जुनी पद्धतही बर्फाचीच. १९३४ साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला तेव्हा डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवायचे आणि त्यावरून पंख्याने हवा आत सोडायचे. वाटेतल्या स्टेशनांवर वितळलेला बर्फ काढून नवा भरायचा. साहेब लोक गार हवेत पेशावरला.

तर साडेतीन किलोवॅट. माझ्या गाडीचं छत साधारण साडेतीन चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे नुसत्या छतावरच साडेतीन किलोवॅट. सगळं आत येत नाही हे खरं, पण काचा वेगळ्या, इंजिन सीटखालीच, त्याची धग वेगळी, आणि आत बसलेला मी सव्वाशे वॅटचा हीटर. तरी कागदावर जमत होतं.

कागदावर काय नव्हतं, तर हवा. पोर्टेबल एसीला मागे एक जाड पाईप असतो, गरम हवा बाहेर टाकायला. ही हवा तो घेतो कुठून? खोलीतूनच! म्हणजे आपणच गार केलेली हवा घेऊन, तिच्यात उष्णता कोंबून ती बाहेर फेकायची. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणार. घरात दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीची हवा येते, चालून जातं. गाडीत दरवाज्याच्या रबरातून, पेडलच्या भोकातून, सगळीकडून बाहेरची ४४ अंशांची हवा धुळीसकट आत. माझ्या एवढ्याशा गाडीतली सगळी हवा मिनिटा-दोन मिनिटांत बदलत होती. सोप्या भाषेत, मी केळझर गार करायचा प्रयत्न करत होतो.

आणि दीड तासात बॅटरी संपली. मी गाडी सुरू करून चार्जिंगला लावली, तर स्क्रीनवर लाल थर्मामीटर. या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर गेल्या की चार्जिंग घेत नाहीत, स्वतःला जपतात. मला हसावं की रडावं कळेना. गारवा करणाऱ्या यंत्राला वीज देणाऱ्या बॅटरीलाच ऊन लागलं होतं.

मी दरवाजा उघडून बाहेर आलो तर बाबा समोर. पायऱ्या उतरून, आईचा हात धरून, डोक्याला ओला दुपट्टा.

"काहून रे, झाला का बर्फ?"

"बाबा, तुम्ही कशाला आलात उन्हात? वर बसा ना."

"तुह्या आईनं म्हटलं, पोरगं आत उकडून राहिलं असंन, पाहून येऊ." मग त्यांनी गाडीत डोकं घातलं, एसीकडे पाहिलं, रिकाम्या बॅटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा तर बकासुर आणला लेका तू. रोज गाडाभर खाते, अन् काम का करते?"

हे केळझरलाच बोलायचं वाक्य आहे. गावातले लोक मानतात की महाभारतातली एकचक्रनगरी म्हणजे हेच गाव. पांडव इथे लपून राहिले आणि गाडाभर अन्न रोज रिचवणाऱ्या बकासुराला भीमाने इथेच मारलं. माझा बकासुर अकराशे वॅट खात होता.

नंतरचा तास बाबांनी चालवला. खुर्चीवर बसून, सावलीतून, हाताच्या खुणांनी. गाडी चिंचेखाली घे. नाही, असं नाही, अजून दोन तासांनी सावली कुठे जाईल ते बघ आणि तिथे लाव. छताला चिकटून ताडपत्री टाकू नको, मध्ये वीतभर मोकळं ठेव, हवा खेळू दे. काचांना आतून नाही, बाहेरून पांघरूण घाल. (बरोबर आहे. आतून पडदा लावला तर ऊन आधीच काचेच्या आत आलेलं असतं. मी आतून चंदेरी शीट लावली होती, इंजिनिअर!) आणि त्या बकासुराला काढ, त्याच्या जागी कूलर ठेव.

कूलर मी आणला होता, पण लाजत लाजत. बाबांच्याच ओळखीच्या एका वेल्डरने वर्ध्यात बनवून दिलेला, पत्र्याचा, बारा व्होल्टचा पंखा, छोटा पंप, तीन बाजूंनी वाळ्याची ताटी. बॅकअप म्हणून. सगळा मिळून साठ वॅट. इथे जरा हिशोब सांगतोच. एक लिटर पाणी तासाभरात उडून गेलं की साधारण पाऊणला थोडी कमी किलोवॅट उष्णता घेऊन जातं. आमचा कूलर तासाला दोन लिटर पाणी पीत होता, म्हणजे साठ वॅटमध्ये सव्वा किलोवॅटच्या वर गारवा. हे विदर्भातच जमतं. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान २३-२४ पर्यंत उतरू शकतं. मुंबईत हाच कूलर लावला तर नुसता चिकचिकाट. आपल्याकडे जुलै लागला की कूलर माळ्यावर जातात ते यामुळेच. एक खिडकी मात्र उघडी ठेवावी लागते, ओली हवा बाहेर जायला. एसीला बंद खोली लागते, कूलरला उघडी. मी दोन्ही एकाच गाडीत डिझाइन करत होतो, त्यात काय होणार!

साडेतीनला आत ३३. बाबा आत जाऊन पलंगावर आडवे झाले. गाडीभर वाळ्याचा वास. आई म्हणाली, "एवढं होतं तर ते मोठं कशाला आणलं?" मी काही बोललो नाही. हप्ते अजून चौदा बाकी होते. :)

संध्याकाळी मी खूश होतो. रात्री गाडी हायवेकडे नेऊन एका ढाब्याजवळ लावली, आई-बाबा आत, मी बाहेर खाटेवर. शेजारी एक दहा चाकी उभा होता. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, यवतमाळकडचा. केबिनचे दोन्ही दरवाजे उघडे टाकून, पाय बाहेर काढून झोपायचा प्रयत्न करत होता. रात्री दहालाही पत्रा हात लावू देत नव्हता. आमचा कूलर बघून तो आला. बाबांनी त्याला आत बसवलं. दहा मिनिटं तो काही बोललाच नाही, नुसता वाऱ्यासमोर डोळे मिटून बसला.

मग बोलणं निघालं. मी त्याला सांगितलं की आता कायदा झालाय. गडकरींनी जून २०२३ मध्ये फाइलवर सही केली, डिसेंबरमध्ये अधिसूचना निघाली, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा. मी जरा उत्साहातच सांगत होतो. नागपूरचा माणूस, त्याला ऊन माहीत आहे, वगैरे.

"माह्या गाडीले का फायदा?" तो म्हणाला. "हे २०१७ ची हाय. अजून दहा वर्ष चालन."

"पण नवीन घेतील ना मालक..."

"घेतीन. पण भाऊ, एसी इंजिनवर चालते ना? डिझेल मालकाचं. ॲव्हरेज पडला का पगारातून कापते."

बाबा इतका वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "चालत्या गाडीत लागते कोणाले एसी?"

मला आधी कळलं नाही. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मी थांबलो. ते म्हणाले, गाडी पळत असली की वारा असतो. गरम असतो, पण असतो. ओला दुपट्टा खिडकीत टाकला की निभतं. माणूस मरतो उभ्या गाडीत. गेटवर, काट्यावर, नंबर लागायची वाट बघताना. तिथे इंजिन चालू ठेवू देत नाहीत, आणि ठेवलं तर दोन दिवसांचं डिझेल कोण देणार?

आणि मी, ज्याने अकरा वर्षं तो प्रसंग डोक्यात घोळवला, ज्याने हे सगळं उभं केलं तेच त्या प्रसंगामुळे, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी केबिनचा विचार करत होतो, गेटचा नाही. १९४०-५० च्या दशकांत अमेरिकेतल्या वाळवंटी भागात लोक गाडीच्या खिडकीला एक नळकांडं टांगायचे. आत पाणी आणि ओलं पॅड, धावत्या गाडीचा वारा त्यातून गार होऊन आत. छान युक्ती, पण गाडी थांबली की गारवा संपला. छागलीचंही तसंच. ट्रकच्या छतावर बसणारे, इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारे पार्किंग एसी आता मिळतात, पण सक्तीच्या कायद्यात ते नाहीत, आणि स्वखर्चाने कोणता मालक लावणार? खरं तर त्या गेटबाहेर पत्र्याची एक शेड, दोन झाडं आणि पाण्याचा नळ असता तर माझ्या बाबांना काहीच लागलं नसतं. त्याला टनही लागत नाहीत, किलोवॅटही नाही.

पोरगा जायला उठला तेव्हा बाबा मला म्हणाले, "कूलर त्याले देऊन टाक."

"बाबा! आणि तुम्ही?"

"आपण उद्या घरी जातो ना. तो दोन दिवस चंद्रपुराच्या लायनीत उभा राहीन."

आता खरं सांगतो, माझ्या जिवावर आलं. दिवसभर घाम गाळून जमवलेलं एकमेव चालणारं यंत्र. त्याच्या ट्रकची वीज चोवीस व्होल्टची, आपला पंखा बाराचा, असं तांत्रिक कारणही मी काढून बघितलं. बाबा म्हणाले, "दोन बॅटऱ्या असते त्याले. एकीवरून घे." सत्तावीस वर्षं. मी टॉर्च तोंडात धरून अर्धा तास वायरिंग केलं. एकाच बॅटरीवर कायम भार टाकणं चांगलं नाही, अधूनमधून बदलत जा, हे त्याला दोनदा सांगितलं. त्याने पैसे काढले, आईने घेऊ दिले नाहीत. त्याने मग पिशवीभर कैऱ्या दिल्या. उरलेली रात्र बाबा ओली चादर पांघरून झोपले आणि मी दर तासाला उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होतो.

ट्रिप झाली, पण डिसेंबरमध्ये. बाबांनी आईला सगळं दाखवलं, अस्वलवाली जागासुद्धा, तिथे आता टोलनाका आहे. एसी माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. तिथे तो बरा चालतो.

१ ऑक्टोबर २०२५ ही तारीख येऊन गेली. त्यानंतर दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा बाबा म्हणाले, चल, नवा ट्रक दाखव एसीवाला. बुटीबोरीकडे एका पंपावर एक कोरा करकरीत उभा दिसला. ड्रायव्हर चांगला होता, बाबांना हात देऊन वर चढवलं, काचा लावल्या, इंजिन चालू करून एसी सुरू केला. बाबा बराच वेळ बसले. व्हेंटवर हात फिरवला, सीट दाबून बघितली, मागची झोपायची जागा बघितली, आता गादी असते. मग विचारलं, "अन् इंजिन बंद केलं का?"

"बंद केल्यावर का काकाजी," तो हसून म्हणाला, "काचा खाली."